लोलक नसलेली घंटा

मी एक जुनी घंटा आहे. एका मोठ्या कार्यालयात, आत शिरल्या शिरल्या काचेच्या दरवाजासमोर मी टांगलेली आहे. माझ्यावर रोज सकाळी फडके फिरते. येणारे पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढून घेतात. मित्रांनो, तुम्ही कधी आलात तर तुम्हीही माझ्याखाली उभे राहाल, हसाल आणि निघून जाल. माझ्या आत डोकावून कोणी पाहत नाही. पाहिले तर कळेल की मला लोलक नाही. घंटेच्या पोटात जो लोंबतो आणि तिच्या अंगावर आपटून तिला बोलते करतो, तो लोलक. तो गेल्यापासून मी मुकी आहे. तो कोणी नेला आणि का नेला, हे सांगायला मी आज बसले आहे. बसले म्हणजे लोंबकळतेच आहे, पण ते जाऊ द्या.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. तांबे आणि कथील मुशीत वितळवून त्याने मला मातीच्या साच्यात ओतले. साचा फोडून मला बाहेर काढल्यावर त्याने बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केली आणि कान लावून ऐकले. त्याची बायको दारातून म्हणाली, "छान वाजतेय हो."

"छान काय, वाटीसुद्धा वाजते," ओतारी म्हणाला. "खरी वाजतेय का ते बघतोय. आत कुठे तडा असला तर हिला लपवता येत नाही."

तडा नव्हता. त्याने मला कानशीने घासले, वर कडी बसवली आणि एका अग्निशमन केंद्राला विकले. केंद्राच्या फाटकाशी एका लोखंडी खांबावर माझी जागा ठरली. आगीची वर्दी आली की पहाऱ्यावरचा माणूस माझी दोरी ओढायचा. मग काय धावपळ उडायची म्हणता! जेवणारे ताटावरून उठायचे. दाढी करणारा अर्ध्या गालाला साबण घेऊन गाडीवर चढायचा. माझा आवाज कसा आहे यावर तिथे कधी कोणी बोलले नाही. बोलायला वेळ कोणाला होता? माझा आवाज ऐकून माणसे धावत होती, एवढे मला पुरत होते.

तिथे एक तरुण जवान होता. पुढे सगळे त्यांना बाबा म्हणू लागले, म्हणून मीही बाबाच म्हणते. एका हिवाळ्यात माझा जुना लोलक तुटून खाली पडला. वरून नवीन मागवायचा म्हणजे किती दिवस जातील ते सांगता येत नव्हते. बाबांनी भंगारात काढलेल्या बंबाच्या आसाचा एक तुकडा कापून घेतला, लोहाराकडे जाऊन तो तापवून ठोकून घेतला आणि चामड्याच्या वादीने माझ्या पोटात बांधला. पहिला टोला दिला तेव्हा समोरच्या घरातली माणसे गच्चीवर आली.

"आता झोपलेला काय, झोपेचं सोंग घेतलेलासुद्धा उठेल," बाबा म्हणाले.

बाबांची लहान मुलगी त्यांचा डबा घेऊन यायची. मी वाजले की ती कानांवर हात ठेवायची आणि डोळे मात्र टक्क उघडे ठेवून बघत राहायची. एकदा तिने विचारले, "बाबा, आग नसतानाच कोणी वाजवली तर?"

"तर आम्ही जाऊ आणि परत येऊ. त्यात काय बिघडलं?"

"आणि तुम्ही त्याला रागावणार नाही?"

"मुळीच नाही. रागावलो तर पुढच्या वेळी तो वाजवायच्या आधी दहादा विचार करेल. आग तोवर थांबते होय?"

पुढे केंद्रात विजेचा भोंगा आला आणि मला खाली उतरवले. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ देणार होते. "घड्याळ राहू दे, ती घंटा द्या," असे बाबा म्हणाले, आणि मी त्यांच्या घरी आले. ते घर ओढ्यापलीकडच्या एका अरुंद गल्लीत होते. ओढ्यावर एक पूल होता, पण तो पायऱ्यांचा. माणसे पायऱ्या चढून, उतरून पलीकडे जात. गाडीला मात्र लांबून, बाजारामागून, मोठा वळसा घालून यावे लागे. हा पूल लक्षात ठेवा मित्रांनो. तो ज्यांनी लक्षात ठेवायचा ते विसरले.

डबा आणणारी मुलगी तोवर मोठी होऊन कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला लागली होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत. ही कंपनी शहराच्या रुग्णवाहिकांचे काम बघत असे. कोणी मदतीसाठी फोन केला की नियंत्रण कक्षातल्या बाई पत्ता विचारून घेत. मग कंपनीचा प्रोग्राम जवळची गाडी शोधे आणि ड्रायव्हरला स्क्रीनवर रस्ता दाखवी. या प्रोग्राममध्ये सारखे काही ना काही बदल करावे लागत. शहरात नवा रस्ता झाला, नवी गाडी आली, जुनी चूक सापडली, की बदल. तयार झालेला बदल चालू कामात सोडायचा, याला ते लोक रिलीज म्हणतात. कोणता बदल कधी सोडायचा, आधी तो कोणी तपासायचा, आणि बिघडलाच तर तो मागे घेऊन जुना प्रोग्राम पुन्हा कसा चालू करायचा, हे पाहण्याचे काम ताईचे होते.

तिने एक दिवस मला पिशवीत घातले. बाबा म्हणाले, "तुझ्या त्या कामात घंटा कशाला गं?"

"आग तिथेही लागते बाबा. धूर तेवढा दिसत नाही."

ताईने मला ज्या खोलीतून रिलीज होत तिथे, दाराशेजारी टांगले. लोक आधी हसले. एकाने मधली सुट्टी झाली का म्हणून विचारले. ताईने सगळ्यांना हसून घेऊ दिले आणि मग नियम सांगितला. रिलीज चालू असताना कोणालाही काहीही वावगे दिसले तर त्याने सरळ उठून घंटा वाजवायची. कोणाला विचारायचे नाही. घंटा वाजली की पहिले काम बदल मागे घेण्याचे, दुसरे नियंत्रण कक्षाला फोन करण्याचे. काय झाले, कोणामुळे झाले, हे सगळे नंतर.

"आणि उगाच वाजवली तर?" मागून कोणीतरी विचारले.

"उगाच वाजवली तर माझ्याकडून चहा," ताई म्हणाली. "दिसत असून गप्प बसलात तर माझी बोलणी. माझी बोलणी कशी असतात ते माहीत आहे ना?"

माहीत होते. खोलीत हशा पिकला, पण नियम सगळ्यांच्या डोक्यात बसला.

ताईची आणखी एक सवय होती. बदल सोडला की प्रत्येकाने सरावाच्या स्क्रीनवर आपल्या स्वतःच्या घराचा पत्ता घालून बघायचा. खरी गाडी निघत नसे, पण निघाली असती तर कोणत्या रस्त्याने आली असती ते दिसे. "ठरलेले पत्ते घालून माणूस डोळे झाकून बरोबरची खूण करतो," ती म्हणायची. "स्वतःच्या आईकडे गाडी येतेय म्हटल्यावर बघा कसा नीट बघतो."

या सवयीनेच मला त्या खोलीत पहिल्यांदा बोलते केले. एक इंजिनियर होता, इतका बुजरा की त्याला सगळे लाजाळू म्हणत. त्याने आपल्या घराचा पत्ता घातला, तो ठीक आला. मग गंमत म्हणून त्याने ताईच्या, म्हणजे बाबांच्या घराचा घातला; तिथे तो एकदा जेवायला गेला होता. प्रोग्रामने पायऱ्यांच्या पुलावरून गाडी नेली! लाजाळू उठला, माझ्यापाशी आला, दोरीला हात लावला, परत जागेवर जाऊन बसला, पुन्हा उठला, आणि एकदाचा त्याने टोला दिला. तोही असा हळू, की मलाच त्याची कीव आली. पण खोली हलली. सगळ्या खुर्च्या एकदम वळल्या. बदल मागे घेतला गेला आणि नियंत्रण कक्षाला फोन गेला.

"आता बोल," ताई म्हणाली.

"ताई, तुमच्या घरी गाडी... पायऱ्यांवरून येतेय."

ताईने त्याची खुर्ची ओढून घेतली आणि स्क्रीनवरची रेघ बोटाने पुलापर्यंत तपासली. मग म्हणाली, "शाबास रे बाबा. चहा नाही, आज तुला जेवण." त्याच दुपारी लाजाळूने प्रोग्राममध्ये त्या पुलावर हाताने खूण केली, की इथून गाडी नेऊ नये. तेव्हापासून गाडी बाजारामागच्या रस्त्याने दिसू लागली.

मित्रांनो, त्या दिवशी शहरात काहीही झाले नाही. कोणाची गाडी अडली नाही, कोणी रडले नाही. वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही. जे घडलेच नाही त्याचे कौतुक कोण करणार? मी नंतरही अनेकदा वाजले. कधी खरी, कधी उगाच. उगाच वाजले तेव्हा ताईने खरेच चहा पाजला.

मग साहेब आले. साहेब वाईट नव्हते. ते सगळ्यांशी हसून बोलत, वाढदिवस लक्षात ठेवत, दार उघडून धरत. त्यांना फक्त एक गोष्ट सहन होत नसे, आणि ती म्हणजे मी. मी वाजले की बदल मागे गेला, असा त्याचा अर्थ. बदल मागे गेला की महिन्याच्या अहवालात लाल रेघ येई, आणि लाल रेघ आली की वरचे लोक साहेबांना विचारत. साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावले. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"ताई, ही घंटा जरा निगेटिव्ह वाटते हो. पाहुणे येतात, त्यांच्यासमोर वाजली म्हणजे नाचक्कीच की नाही?"

"नाचक्की व्हायला नको म्हणूनच टांगलीय साहेब."

"तसं नाही. आपण तिला काढायचं म्हणत नाहीये मी. उलट तिला मान देऊ. रिलीज यशस्वी झाला की वाजवायची! सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, एखादा केक कापायचा. मुलांना किती बरं वाटेल."

"आणि काही बिघडलं तर?"

"त्यासाठी तक्रार नोंदवायची सोय आहेच की स्क्रीनवर. लगेच माझ्याकडे येते."

"तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर?"

साहेब हसले. "ताई, तुम्ही फारच वाईट विचार करता."

"साहेब, ती माझ्या बाबांची घंटा आहे."

"म्हणूनच तर म्हणतोय, मान देऊ!"

तो मान असा होता. मला पितांबरी लावून घासले. दाराशेजारून उचलून काचेच्या दरवाजासमोर आणले. खाली एक गोल गालिचा अंथरला आणि माझ्या पाठीवर कंपनीच्या मालमत्तेचे स्टिकर चिकटवले. दर रिलीजला साहेब दोरी ओढत आणि लोक टाळ्या वाजवत. बदल सोडून झाला की लगेच, कोणी नीट बघायच्या आत मी वाजे. घराचे पत्ते घालून बघण्याची सवयही बंद झाली. चाचणीचे पत्ते ठरलेले आहेत, घरचे पत्ते घालून खेळ करू नये, असा निरोप फिरला. आगीसाठी ठोकलेला तो बंबाच्या आसाचा लोलक केकसाठी आपटू लागला. मला त्या टाळ्यांची किळस येई, हे मी स्पष्टच सांगते.

नवीन आलेल्यांना माझा जुना नियम माहीतच नव्हता. ज्यांना माहीत होता त्यांतले काही सोडून गेले. लाजाळूही गेला. उरलेले गप्प बसायला शिकले.

तिकडे घरी बाबांचे हृदय दमत चालले होते. मधूनच त्यांना श्वास पुरेनासा होई, आणि मग रुग्णवाहिका बोलवावी लागे. ती बाजारामागून येई, बाबांना नेई आणि दवाखान्यात त्यांना हुशारी येई. असे बऱ्याचदा झाले. शेवटी त्यांच्याजवळ दिवसभर कोणीतरी हवे म्हणून ताईने नोकरी सोडली. जाताना तिने मला मागितले.

"द्यायला काहीच हरकत नव्हती हो," साहेब म्हणाले, "पण आता ती मालमत्तेत नोंदली गेलीय. उतरवायची म्हणजे वरपर्यंत मंजुरी लागेल."

ताईने वाद घातला नाही. तिच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी होती. जाड भिंगाचा चष्मा लावायची म्हणून तिला चष्मेवाली म्हणत. ताई तिला माझ्यासमोर उभी करून म्हणाली, "हे बघ, कोणी काहीही म्हणू दे. दिसलं तर वाजवायची. लाजायचं नाही."

"हो ताई."

"आणि बाबांकडे येत जा. तुझी आठवण काढतात. फक्त पुलाच्या पायऱ्या चढताना जपून ये, कठडा हलतोय."

चष्मेवाली जात राहिली. बाबांसाठी ती फळे नेई आणि बाबा तिला आगीच्या गोष्टी सांगत.

मग शहराचा संपूर्ण नवा नकाशा प्रोग्राममध्ये घालायचे ठरले. हा फार मोठा बदल होता. मोठा बदल सोडण्याआधी मंजुरीची बैठक होते. ती त्या दिवशी मी टांगलेल्या दर्शनी दालनाशेजारच्या काचेच्या खोलीत झाली, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. साहेबांनी विचारले, "कोणाची हरकत?" तोवर अर्ध्या खुर्च्या मागे सरकल्या होत्या.

चष्मेवालीने हात वर केला. "जुन्या नकाशावर आपण हाताने केलेल्या खुणा आहेत. बंद रस्ते, पायपूल असं बरंच. त्या नव्या नकाशात आल्यात का, ते कोणी बघितलंय?"

"नवा नकाशा आहे, ताजा आहे," साहेब म्हणाले. "जुन्यापेक्षा चांगलाच असणार ना?"

"पण बघितलंय का?"

"चाचणीचे सगळे पत्ते पास झालेत. अजून काय हवं?"

"एक दिवस द्या मला. मी एकेक खूण ताडून बघते."

"अगं, उद्या पाहुणे येताहेत. तारीख कधीच कळवलीय त्यांना." साहेबांचा आवाज गोड होता. "ताईंच्या हाताखालची ना तू? त्यांच्यासारखंच बोलतेस." सगळे हसले. चष्मेवालीने हात खाली घेतला. हरकत नाही असे लिहिले गेले आणि लोक जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दालन सजले. माझ्यासमोर पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, बाजूला टेबलावर केक होता, आणि भिंतीवर एका मोठ्या स्क्रीनवर सगळे शहर दिसत होते. त्या शहरातून खऱ्या रुग्णवाहिका निळ्या ठिपक्यांसारख्या फिरत होत्या. बदल सोडला गेला. ठिपके क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "आता आपल्या हस्ते घंटा." पाहुणे कोट सावरत उठू लागले.

तेवढ्यात स्क्रीनवर एक नवा फोन आला. ओढ्यापलीकडची गल्ली, वृद्ध पुरुष, श्वास लागला आहे. सगळ्यात जवळची गाडी ओढ्याच्या अलीकडे होती, दुसऱ्या भागातली. प्रोग्रामने तिला सरळ रेघ आखून दिली, पायऱ्यांच्या पुलावरून. निळा ठिपका पुलाकडे निघाला.

चष्मेवाली भिंतीशी उभी होती. तिने ते पाहिले. ती खुर्च्यांमधून वाट काढत धावली, एका पाहुण्याचा पेला तिच्या धक्क्याने खाली पडला, आणि तिने दोन्ही हातांनी माझी दोरी ओढली. मित्रांनो, अग्निशमन केंद्रातून उतरल्यापासून मला तसे कोणी वाजवले नव्हते. बाबांचा लोलक माझ्या अंगावर सर्व ताकदीने आपटत होता. मी ओरडले. माझ्यात होता नव्हता तेवढा आवाज मी बाहेर काढला.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उभे राहून वाजवल्या. कोणी शिट्टी मारली. कोणी मोबाईल वर धरून चित्रण केले. साहेब हसत पुढे आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "बघा, आमच्या मुलांचा उत्साह! धीरच निघत नाही."

"मागे घ्या!" चष्मेवाली ओरडली. "बदल मागे घ्या, गाडी पुलाकडे चाललीय!" टाळ्यांत ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेले नाही. ती पुन्हा मला वाजवू लागली, तशा टाळ्या आणखी वाढल्या. शेवटी साहेबांनी तिचा हात धरून दोरी सोडवली आणि हसू न मोडता, दबक्या आवाजात विचारले, "काय लावलंयस हे?"

"ताईंच्या घरी गाडी चाललीय साहेब, पायपुलावरून! ती पोहोचणारच नाही. मागे घ्या ना!"

"पाहुणे समोर आहेत. पाच मिनिटं. ते केक घेऊन वर गेले की बघतो."

तिने तिथूनच नियंत्रण कक्षाला फोन लावला. फोनवरच्या बाईंचा आवाज मला ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्याच साहेबांनी सांगितलंय, आज कोणीही हाताने रस्ता बदलायचा नाही, पाहुणे बघताहेत. त्यांचं सांगणं येऊ दे, लगेच वळवते." तिने ताईला फोन लावला. तो लागेना. मागाहून कळले, की ताई त्याच वेळी नियंत्रण कक्षाला फोन लावून गाडी कुठवर आली ते विचारत होती.

स्क्रीनवर निळा ठिपका पुलाशी जाऊन थांबला. पाहुण्यांनी केक कापला. ठिपका मागे फिरला, एका बोळात शिरला, तिथूनही परत आला. हलत्या कठड्याच्या त्या पायऱ्यांवरून स्ट्रेचर नेता येण्यासारखे नव्हते, तो ड्रायव्हर त्या भागातला नव्हता, आणि स्क्रीन त्याला पुन्हा पुन्हा पुलाकडेच पाठवत होती. साहेब पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडून परतले तेव्हा त्यांनी बदल मागे घ्यायला सांगितले. मग रेघ बाजारामागून वळली. ठिपका धावत सुटला.

तो गल्लीत पोहोचला तेव्हा बाबा गेले होते.

चौकशी झाली. मला तिचा निष्कर्ष माहीत आहे, कारण तो माझ्यासमोरच पाहुण्यांना वाचून दाखवला गेला. नवा नकाशा यशस्वीरीत्या लागू झाला, एके ठिकाणी मार्गात किरकोळ त्रुटी आढळली आणि ती त्याच दिवशी दूर करण्यात आली. किरकोळ! ज्यांनी जन्मभर माझा आवाज ऐकून लोकांच्या घरांकडे धाव घेतली, ज्यांनी मला आवाज दिला, ते बाबा कागदावर किरकोळ झाले. चष्मेवालीला पाहुण्यांसमोर गोंधळ घातल्याबद्दल लेखी समज दिली गेली. तिने कागद हातात घेतला, वाचला, आणि राजीनामा दिला.

तिच्या शेवटच्या दिवशी ताई आली. ती वर कोणाला भेटायला गेली नाही. चष्मेवालीने एक स्टूल आणून माझ्याखाली ठेवले आणि धरून उभी राहिली. ताई त्यावर चढली. तिने माझ्या पोटात हात घातला आणि चामड्याच्या वादीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती, बाबांनी मारलेली. कोणीतरी वर सांगितले असावे, कारण साहेब घाईघाईने खाली आले.

"ताई, फार वाईट झालं हो. मी यायचंच म्हणत होतो घरी. पण हे... ही घंटा कंपनीची आहे ना."

"घंटा ठेवा तुम्हाला," ताई म्हणाली. "स्टिकर तिच्यावर आहे. ह्याच्यावर नाही. हा माझ्या बाबांनी केलाय."

"अहो, पण मग ती वाजणार कशी?"

ताईने गाठ सोडवली. लोलक हातात घेऊन ती खाली उतरली, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि तो पिशवीत ठेवला. मग तिने साहेबांकडे पाहिले.

"ती वाजली होती, साहेब. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

दोघी काचेच्या दरवाजातून बाहेर पडल्या. साहेबांनी माझी दोरी सरळ केली. मग त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला ते स्टूल जागेवर ठेवायला सांगितले.

आता माझ्यामागे, फुलदाणीआड, एक लहान स्पीकर लपवलेला आहे. रिलीज झाला की साहेब माझी दोरी ओढतात आणि कोणीतरी बटण दाबते. स्पीकरमधून कुठल्या तरी दुसऱ्याच घंटेचा आवाज येतो. "किती गोड आवाज आहे हो हिचा," असे परवाच एक पाहुण्या बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असे मला तुम्हाला सांगायचे नाही. ते तर हे लोकही करतात. माझी विनंती वेगळी आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कोणी साहेब होतील, कोणी ताई होतील. जी वस्तू धोका सांगायला टांगली आहे तिला शोभेला लावू नका. आणि कोणी धावत येऊन ती वाजवली, तर आधी मागे फिरा आणि मग कारण विचारा. उगाच वाजवली असे निघाले, तर वाजवणाऱ्याला चहा पाजा. एक कप चहाने कोणाचे काही जात नाही.

आज पुन्हा रिलीज आहे. खुर्च्या मांडून झाल्या आहेत, केक आला आहे, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर निळे ठिपके फिरत आहेत. एक नवीन मुलगी कोपऱ्यात उभी राहून त्या स्क्रीनकडे टक लावून बघते आहे. मघाशी तिने दोनदा माझ्या दोरीकडे पाहिले. तिला काही दिसले आहे की काय कोण जाणे. दिसले असेल, तर ती दोरी ओढून बघेल, आणि तिला कळेल की आत काहीच नाही.